रविवारची माळफेरी : येण्याआधी एवढं वाचा

सभासदहो, रविवारी सकाळी सहाला दिवे घाट चढून वर, सासवडच्या अलीकडच्या माळावर जमायचं आहे. दुर्बीण, वही, पाणी आणा. भडक कपडे नकोत.

मागच्या वेळी बऱ्याच वह्यांत नुसतंच ‘टिटवी’ लिहिलेलं होतं. नीट बघा. डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी असेल, तर ती आपली पाण्याकाठची टिटवी. ती पट्टी पिवळी आणि डोक्यावर काळी टोपी असेल, तर माळटिटवी. तिची अंडी उघड्या जमिनीवर, अगदी खड्यांसारखी. ती ओरडत अंगावर आली की आल्या पावली मागे फिरा.

खोकड आणि कोल्ह्यातही गल्लत होते. खोकड लहानखुरं, कान मोठे, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. फोटोसाठी त्याच्या बिळाजवळ कुणीही जाऊ नये, ही कळकळीची विनंती.