नव्या होड्या जरूर द्या, पण आधी मोडक्या होड्यांकडे पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चक्रीवादळ असो वा त्सुनामी, किनाऱ्यावर एकमेकींवर चढलेल्या मोडक्या होड्यांचं छायाचित्र वर्तमानपत्रात येतं आणि थोड्याच दिवसांत 'मच्छीमारांना नव्या होड्या देणार' ही घोषणाही येते. या दोन बातम्यांच्या मधल्या दिवसांबद्दल मात्र कुठे काही वाचायला मिळत नाही. माझं आयुष्य लहान होड्यांच्या दुरुस्तीत गेलं. आधी लाकडाच्या, मग फायबरच्या, आणि गरज पडेल तेव्हा त्यांची इंजिनंही. दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेला त्या छायाचित्रातल्या कितीतरी होड्या पुन्हा पाण्यात जाण्याजोग्या दिसतात. त्या जातात की नाही, ते मधल्या दिवसांत ठरतं. म्हणून हे पत्र.

सुरुवात इंजिनापासून करतो, कारण त्याच्याकडे सगळ्यांत कमी वेळ असतो. लहान होडीचं बाहेर लावायचं इंजिन बुडालं की लोक ते ओढून काढतात, वाळूवर उन्हात ठेवतात आणि कुणीतरी येईल म्हणून वाट पाहतात. इथेच घात होतो. खारं पाणी आत असताना हवा लागली की गंज झपाट्यानं धरतो. बेअरिंग, सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा, सगळं काही दिवसांत जाम होतं. मेकॅनिक लगेच मिळणार नसेल तर ते इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावं. बुडालेलं इंजिन पुन्हा बुडवा म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं पाहतात, पण गोड्या पाण्याखाली मीठ सुटत जातं आणि हवाही लागत नाही.

मेकॅनिक आला की काम तसं सरळ आहे. वरून-आतून गोड्या पाण्यानं धुवायचं. प्लग काढायचे, कार्ब्युरेटर उतरवून साफ करायचा, जुनं इंधन काढून टाकायचं. प्लगची भोकं खाली येतील असं इंजिन कलतं करून इंजिनाचं चाक (फ्लायव्हील) हातानं फिरवायचं, म्हणजे आतलं पाणी निघतं. मग तेल सोडायचं, आणि जमलं तर त्याच दिवशी सुरू करून बराच वेळ चालवायचं. फोर-स्ट्रोक असेल तर तळाचं तेल दुधाळ दिसायचं थांबेपर्यंत बदलत राहायचं. चाक अडलं तर मात्र जोर लावायचा नाही. आत वाळू गेलेली असते, किंवा इंजिन चालू असतानाच पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. अशा वेळी खोलण्याला पर्याय नाही.

पिण्याच्या पाण्याची मारामार असताना इंजिनं कसली धुताय, असं कुणी विचारलं तर प्रश्न चुकीचा नाही. पण नदीचं, तळ्याचं, पावसाचं, पिण्याच्या उपयोगाचं नसलेलं गोडं पाणीही या कामाला चालतं. पिंपं, हातपंप, तेल, प्लग, पान्यांचे दोन-तीन संच आणि काम येणारी दोन माणसं, हे सगळं एका छोट्या ट्रकमध्ये मावतं. पुष्कळ ठिकाणी इंजिनाची किंमत खुद्द होडीहून जास्त असते. तरीही मदतीच्या पहिल्या खेपेत हा ट्रक मला कधी दिसला नाही.

दुसरी घाई ढिगारे उपसणाऱ्यांची. रस्ता मोकळा करायचा म्हणून यंत्राच्या फावड्यानं होड्या ढकलल्या जातात, मधोमध दोर बांधून फरफटत नेल्या जातात. लाटेनं फक्त एका बाजूची फळी फोडलेली असते, कणा मोडतो तो या ओढाताणीत. खाली ओंडके घालून, किंवा ट्रकच्या टायरच्या हवा भरलेल्या ट्यूब सरकवून चार-सहा माणसं होडी शाबूत हलवू शकतात. तुटलेल्या फळ्या, वाकलेले खिळे, सुकाणू, वल्ही यांचा वेगळा ढीग करावा. तो सरपणात जाऊ नये, एवढं तरी गावातल्या कुणीतरी पाहायला हवं.

आता फायबर. बाहेरून भोक दिसतं आणि माणसं त्यावर ठिगळ मारून मोकळी होतात. खरं नुकसान बहुधा दिसत नाही. आतल्या फासळ्या अंगापासून सुटलेल्या असतात, थर एकमेकांपासून विलग झालेले असतात, इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीतलं प्लायवूड पाणी पिऊन बसलेलं असतं. लहान हातोडीनं इंचाइंचावर ठोकत जावं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. तेवढा भाग खडूनं आखून घ्यावा. पुष्कळदा ती खडूची रेघ भोकाच्या दुप्पट-तिप्पट पसरते आणि मालकाचा चेहरा उतरतो. पण आज उतरलेला परवडला.

मग घासणं. भोकाच्या कडा उतरत्या घासत न्यायच्या, जाडीच्या निदान बारापट रुंदीपर्यंत. होडीचं अंग आठ मिलिमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी जवळजवळ दहा सेंटिमीटर. नवे थर जुन्या अंगाला धरून राहतात ते या उतारावर. त्याआधी गोड्या पाण्यानं मीठ धुऊन भाग पूर्ण वाळवावा लागतो, कारण ओलसर फायबरवर पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे थर चिकटवणारा पातळ राळेसारखा पदार्थ, धरतच नाही. वादळानंतर हवा दमट असते, पाऊस चालू असतो, म्हणून ताडपत्रीचं छप्पर ही दुरुस्तीची पहिली गरज. ते नसेल तर रेझिनच्या पिंपांचा काही उपयोग नाही. रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या साधारण एक ते दोन टक्के लागतो आणि तो अंदाजानं ओतायचा नसतो. घट्ट होण्याचा वेग वाढवणारा कोबाल्टचा प्रवेगक आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. ही सूचना डब्यावर बारीक अक्षरात असते आणि तीही बहुधा परक्या भाषेत. देणगीदारांना एक विनंती: रेझिन पाठवाल तर त्यावरची मुदत बघा. गरम गोदामात ठेवलेलं रेझिन पिंपातच घट्ट होतं. आणि पिंपांबरोबर तोंडाचे मास्क, हातमोजे आणि तराजू पाठवा.

लाकडी होड्यांबद्दल थोडक्यात. आपत्तीनंतर सगळ्यांना एकदम लाकूड हवं असतं आणि बाजारात ओलं, नुकतं कापलेलं लाकूड येतं. ते वाळलं की आकसतं, सांधे उघडतात आणि नवी फळी जुन्या फळीपेक्षा जास्त गळते. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले हवेत. तांब्याचे आणि लोखंडाचे एकत्र ठोकले तर खाऱ्या पाण्यात लोखंड खाल्लं जातं.

नव्या होड्यांना माझा विरोध नाही. जी होडी खरोखर गेली तिच्या जागी दुसरी लागणारच. पण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काय झालं, ते आठवावं. श्रीलंकेच्या मासेमारी नौकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नष्ट झाल्या किंवा मोडल्या. जगभरातून पैसा आला आणि होडी कधी न बांधलेल्यांनीही घाईघाईनं कारखाने काढले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनंच सांगितलं की काही भागांत गरजेपेक्षा जास्त होड्या वाटल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच समुद्रात नेण्याच्या लायकीच्या नव्हत्या. अशा होडीत मी सगळ्यांत आधी बघेन ते तरंगायला मदत करणारा बंद भाग. पाणी भरलं तरी होडी बुडू नये म्हणून तो असतो. घाईत तो गाळतात किंवा थर्माकोल भरून वर थेट पॉलिएस्टर रेझिन ओततात. ते रेझिन थर्माकोल विरघळवून टाकतं. बाहेरून होडी झकास दिसते.

तामिळनाडूत त्याच वेळी वेगळी गुंतागुंत झाली. लाकडी ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमच्या जागी बऱ्याच जणांना फायबरची इंजिनवाली होडी मिळाली. वल्हं-शीड यांवर चालणाऱ्या माणसाच्या मागे इंधनाचा रोजचा खर्च लागला. काल दुसऱ्याच्या होडीवर खलाशी असलेला आज मालक झाला, हे चांगलंच, पण मग खलाशी मिळेनासे झाले. आणि मासे तेवढेच.

याउलट, कारागीर तयार करण्यावर खर्च झाला तर काय होतं, ते फिलिपिन्समध्ये दिसलं. नोव्हेंबर २०१३ च्या हैयान वादळात तिथल्या सुमारे तीस हजार होड्या मोडल्या किंवा गेल्या. तिथली बांगका ही दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेली लाकडी होडी. पण नैसर्गिक जंगलातली तोड २०११ पासूनच बंद होती, मग कण्याला मोठं लाकूड आणायचं कुठून? अन्न व कृषी संघटनेनं स्थानिक सुतारांनाच लाकूड आणि फायबर मिळून होडी बांधायला शिकवलं. लोकांना सवयीचा आकार राहिला, लाकूड कमी लागलं, आणि ती होडी पुढच्या वादळात फुटली तर दुरुस्त करणारा हात गावातच राहिला. मला तरी यातला शेवटचा फायदा सगळ्यांत मोठा वाटतो. बाहेरून होडी आणून दिली की तिच्याबरोबर तिचा कारागीर येत नाही.

आणि होड्या कमी उरल्या म्हणून मासेमारी थांबलीच पाहिजे असंही नाही. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानमध्ये अठ्ठावीस हजारांवर मासेमारी नौकांचं नुकसान झालं. इवाते प्रांतातल्या ओमोए सहकारी संस्थेकडे आठशेवर नौकांपैकी मोजक्याच उरल्या होत्या. संस्थेनं उरलेल्या आणि बाहेरून मिळवलेल्या नौका सामाईक केल्या, पाळीपाळीनं वापरल्या आणि उत्पन्न सगळ्यांत वाटून घेतलं. आपली होडी वाचलेली असताना ती सगळ्यांसाठी देणं सोपं नाही. मी मालकांबरोबर आयुष्य काढलं आहे, म्हणून सांगतो. तिथे ते जमलं, कारण एकत्र व्यवहार करण्याची सवय आधीपासून होती. सरकारनंही पुढे नव्या नौकांसाठी सहकारी संस्थांमार्फतच साहाय्य दिलं.

त्याच देशात १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानं उलटाच प्रकार केला. समुद्राचा तळ काही ठिकाणी सुमारे चार मीटर वर उचलला गेला आणि बंदरं उथळ पडली. वाजिमा बंदरात होड्या धड होत्या, पण त्यांना बाहेर पडायला पाणीच नव्हतं. तिथे पैसा गाळ उपसण्यावर घालावा लागतो. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळाचा डोळा कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरून गेलाही नाही, पण त्याच्या लाटांनी बंदरात बांधून ठेवलेल्या होड्या एकमेकींवर आणि धक्क्यावर आपटून फोडल्या. म्हणजे नुकसान कसं झालं ते किनाऱ्यावर जाऊन पाहिल्याशिवाय मदतीची यादी करू नये.

यादी कुणी करायची, हा वादाचा विषय असतो. माझ्या मते ती उघड्यावर, गावासमोर व्हावी. प्रत्येक होडीपुढे उभं राहून, तिथल्याच सुतारानं आणि मेकॅनिकनं पाहून, तीन खुणांपैकी एक करावी: आठवड्यात होईल, महिन्यात होईल, होणार नाही. कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी लावावा. यानं भांडणं संपत नाहीत, पण तोंडावर होतात, पाठीमागे नाही. नोंदणीचे कागद वाहून गेलेला मालक आणि कधीच नोंदणी नसलेला वल्ह्याच्या होडीचा धनी, दोघांच्या होड्या त्या यादीत हव्यात. दुरुस्तीचं काम करणाऱ्या गावकऱ्यांना रोजची मजुरी द्यावी. यात होडी नसलेला खलाशीही येतो. नुकसानभरपाई मालकाच्या नावे निघते, खलाशाच्या हाती बहुधा काही येत नाही. छपराखाली घासायला, काचतंतूंची मॅट कापायला, रेझिन लावायला शिकवलं तर तोही आठवडाभरात उपयोगी पडतो.

आणि बायका. अन्न व कृषी संघटनेनं २०१४ साली लघु मासेमारीसाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात आपत्तीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतच म्हटलं आहे की या क्षेत्रात राबणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत. होडी दुरुस्त झाली, मासा आला, पण विकणारीच्या टोपल्या, बर्फाची पेटी आणि सुकवायचे मांडव वाहून गेलेले असतील तर तो मासा किनाऱ्यावरच नासतो. दुरुस्तीच्या यादीत या वस्तूंची एक ओळ घालायला काही जागा लागत नाही.

आपल्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी आपण मदतनिधीचं आवाहन छापाल तेव्हा नव्या होड्यांबरोबर पिंपं, प्लग, तेल, ताडपत्री, रेझिन, मास्क आणि कारागिराची मजुरी असंही त्यात लिहावं. सहा महिन्यांनी आपल्या वार्ताहराला त्याच किनाऱ्यावर पाठवावं. वाटलेल्या किती होड्या पाण्यात आहेत आणि किती वाळूवर उपड्या पडल्या आहेत, ते त्यानं मोजून आणावं, आणि ते पहिल्या छायाचित्राइतक्याच मोठ्या जागेत छापावं.

आपला,
एक निवृत्त होडी-कारागीर