ठिपक्याने सुरू होणाऱ्या त्या फाइलीबद्दल

श्री. अँड्र्यू ट्रिजेल आणि श्री. पॉल मॅकेरास यांस,
सप्रेम नमस्कार.

१९९६ साली तुम्ही आरसिंक हे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली पाठवणारं साधन जाहीर केलंत. तेव्हापासून कौतुक होतं ते फाइलीतला बदललेला भाग तेवढाच पाठवण्याच्या युक्तीचं. रास्तच आहे. पण आमचे आभार त्याहून साध्या गोष्टीचे आहेत.

सर्व्हरवरची 'दरपत्रक.पीडीएफ' बदलायची असली, तरी आरसिंक आधी तिला हातच लावत नाही. त्याच फोल्डरात, नावाआधी ठिपका आणि शेवटी सहा अक्षरांचं शेपूट असलेली एक लपलेली फाइल तयार होते. नवा मजकूर सगळा तिच्यात उतरतो, पडताळला जातो आणि मग नाव बदलून ती एका फटक्यात जुनीच्या जागी बसते. मध्येच नेट गेलं तर जुनी फाइल जशीच्या तशी. त्या क्षणी कोणी ती डाउनलोड करत असेल, तर त्याला जुनी प्रत शेवटपर्यंत मिळते. फाइली पाठवणारं दुसरं साधन, एससीपी, थेट जुन्या फाइलीवरच लिहितं. अर्ध्यात तुटलं की हाती ना धड जुनी, ना धड नवी.

हे संरक्षण न मागता मिळतं, आणि आम्ही लोक ते हौसेने मोडतो. थेट जुन्या फाइलीवरच लिहायला लावणारा '--इनप्लेस' हा पर्याय दिला की ते गेलंच; डिस्कवर दुसऱ्या प्रतीपुरती जागा नसेल तरच त्याच्या वाटेला जावं. '--टेम्प-डिर', म्हणजे त्या तात्पुरत्या फाइलीचं फोल्डर, दुसऱ्या फाइलसिस्टिमवर नेलं की नाव बदलून भागत नाही, कॉपी करावी लागते आणि तो एक फटका उरत नाही. सगळ्यांत फसवं '--पार्शल'. नाव आश्वासक, पण तुटलेली अर्धी फाइल ते जुनीच्या जागी बसवतं. '--पार्शल-डिर' वापरलं की तो तुकडा वेगळ्या फोल्डरात राहतो.

नुसती रंगीत तालीम करणाऱ्या '-एन'चे आभार वेगळे मानायला हवेत. जोडीला प्रत्येक बदल ओळीने दाखवणारं '-आय' दिलं की खरंखुरं काही न बदलता सगळी यादी समोर येते. 'साइट/' पाठवताना सर्व्हरवरचा पत्ता चुकून एक पायरी वरचा दिला आणि आपल्याकडे नसलेल्या फाइली तिथून पुसणारं '--डिलीट' लावलं, तर शेजारच्या साइटीही साफ होतात. यादीत 'डिलीटिंग'च्या ओळींची रांग लागली की हात आपोआप थांबतो.

चालत्या डेटाबेसच्या फाइली अशा उचलू नयेत, आधी डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत, काढावा. तो दोष तुमचा नाही.

एक तक्रार मात्र आहेच. जुन्या प्रती राखणाऱ्या '--बॅकअप'सोबत त्यांचं फोल्डर ठरवणाऱ्या '--बॅकअप-डिर'ला अर्धा पाथ दिला, तर तो आपण उभे असतो तिथून नाही, सर्व्हरवरच्या लक्ष्य फोल्डरापासून मोजला जातो. मग जुन्या प्रती थेट वेबसाइटच्याच पोटात जाऊन बसतात. आता आम्ही तारखेसकट पूर्ण पाथ लिहितो.

आपले,
सर्व्हर सांभाळणारे काही मराठी जण