आर्किटेक्टची निवड फक्त फीवर नको : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आठ माणसांच्या एका आर्किटेक्ट ऑफिसात निविदा भरण्याचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवायचं, पात्रता तपासायची, कागद जमवायचे, शासनाच्या निविदा पोर्टलवर चढवायचे.

गेल्या पावसाळ्यात खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहाची निविदा निघाली. मुदत एकवीस दिवस. त्यातले बारा कागदांतच गेले. सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र, आर्थिक ऐपतीचा बँकेचा दाखला (सॉल्व्हन्सी), पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि एका जुन्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला. तो देणाऱ्या कार्यकारी अभियंत्यांची बदली झालेली. जुनी फाइल सापडेपर्यंत ऑफिसातला मुलगा एसटीने तीन खेपा करून आला. स्टॅम्पपेपर सोडला तर यातला बहुतेक गठ्ठा आधीच्या निविदेलाही आम्ही याच पोर्टलवर दिला होता.

तोवर आमचे सर, म्हणजे ऑफिसचे आर्किटेक्ट, जागेवर जाऊन आले होते. भर दुपारी उभं राहून त्यांनी पाहिलं की खोल्या पश्चिमेला काढल्या, तर एप्रिल-मेमध्ये मुलींना तिथे बसवणार नाही. मग जिना आणि न्हाणीघरं पश्चिमेला, खोल्या आत, असा आराखडा काढला. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे बोलीच्या दराशिवायच्या भागात, तो जोडायला जागाच नव्हती. निविदेने उलाढाल विचारली, इमारतीबद्दल काहीच विचारलं नाही.

निविदा दुपारी तीनला बंद होणार, आणि आदल्या संध्याकाळी शुद्धिपत्रक आलं : बीओक्यू, म्हणजे दर भरायचा तक्ता, बदलला. मुदतवाढ नाही. नवी एक्सेल फाइल उतरवायची, दर भरायचा, नाव जसंच्या तसं ठेवून चढवायची. नावात एक अक्षर बदललं तरी बोली बाद. डिजिटल सिग्नेचरचं पेनड्राइव्हसारखं टोकन सरांच्या बॅगेत आणि सर पुण्याच्या वाटेवर. दोन पन्नासला बोली गेली तेव्हा माझे हात थरथरत होते.

काम सगळ्यात कमी फीवाल्याला गेलं. हरण्याची सवय आहे, पण ज्या फीत साइटवर महिन्याला एक फेरीही परवडत नाही, तिच्यात देखरेख कोण करणार? वास्तुविशारद अधिनियम १९७२ चा. त्याखालच्या १९८९ च्या आचारनियमांनुसार वास्तुविशारद परिषदेचं शुल्कमान, म्हणजे ठरवलेले फीचे दर, आम्ही पाळायचं असतं. आणि शासनाची निविदा आम्हाला त्याच्या खाली उतरायला लावते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार निवडताना गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देण्याची पद्धत आहे. ती वसतिगृहं, शाळा, दवाखाने यांच्या आर्किटेक्टसाठी सक्तीची करा. प्रत्येकाचे गुण पोर्टलवर लावा. कायमचे कागद वर्षातून एकदाच घ्या. शेवटच्या तीन दिवसांत शुद्धिपत्रक निघालं, तर मुदत आपोआप आठवडाभर वाढू द्या.

त्या वसतिगृहाचं जोतं आता वर आलंय. परवा मी पाहून आले. खोल्या पश्चिमेलाच आखल्या आहेत. भिंती उठायच्या आहेत, अजून फिरवता येईल. आमचा आराखडा माझ्या कपाटात आहे. आपल्या खात्याने मागितला तर एक पैसा न घेता देऊ.

आपली,
आर्किटेक्ट ऑफिसात निविदा भरणारी एक कर्मचारी