सर्पमित्रांचा विमा कागदावरच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट होती. केळीला पाणी भरायला गेलो, तर मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीखालून कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार आला. बॅटरी मारली. मनगटाएवढी जाड घोणस! सालदार काठी शोधू लागला, मी सर्पमित्राला फोन लावला.

साडेअकराला तो पोरगा मोटारसायकलवर आला. दिवसा तो ट्रकवर केळीचे घड भरतो. जवळ लोखंडी आकडा आणि पाइपाच्या तुकड्याला बांधलेली कापडी पिशवी, बस. पाइपाचे तोंड भिंतीलगत टेकवून त्याने मागून हलकेच आकडा लावला. बीळ समजून घोणस आपणहून आत शिरली. त्याने मोबाइल खिशातून काढलासुद्धा नाही. (नाग गळ्यात घालून रील काढणाऱ्यांना मी सर्पमित्र म्हणत नाही.) पेट्रोलचे पैसे देऊ लागलो, तर चहावर भागवले.

बागेत ओल, वाळलेली पाने आणि उंदीर, म्हणजे साप असणारच. उंदीर खाणारी बिचारी धामणही आमच्याकडे नाग समजून मारली जाते. १९७२ चा वन्यजीव कायदा कपाटात राहतो, काठी हाताशी असते. ती थांबते ती अशा पोरांमुळे.

मला साप चावून बरेवाईट झाले, तर सातबाऱ्यावर नाव असल्याने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख मिळू शकतात. माझ्या खोलीतली घोणस धरणाऱ्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याची भाषा जुलै २०२५ मध्ये सरकारकडून झाली. या पोराच्या खिशात त्या रात्री दोन्हीपैकी काही नव्हते.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, संरक्षण २ लाखांचे. परवा त्याला बँकेत नेऊन मी तो फॉर्म भरून घेतला. इतर बागाईतदारांनीही आपल्या गावच्या सर्पमित्राला विचारून बघावे. ओळखपत्र मात्र मी देऊ शकत नाही. यावल-रावेर पट्ट्यातल्या सर्पमित्रांची यादी वनखात्याने या पावसाळ्याआधी करावी, एवढीच विनंती.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव