सायगॉनच्या बाजारातून अण्णांना उत्तर

हो ची मिन्ह सिटी, व्हिएतनाम,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर अण्णांनी मागून विचारलं, "तिकडे दालचिनी कशी मिळते? काजू कुठले? आणि तू एकटा काय जेवतोस?" तेवढ्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि बोलणं राहून गेलं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं बाजारातच आहेत, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय. दुपारी दुकानात सामसूम असेल तेव्हा त्यांना वाचून दाखव.

तुमच्या दुकानात डाळी एका रांगेत, मसाले वरच्या फळीवर, उपासाचं सामान बरण्यांत आणि काष्ठौषधी अण्णांच्या पाठीमागच्या खणांत. सायगॉनमध्येही आपल्या स्वयंपाकाचे निम्म्याहून अधिक जिन्नस मिळतात, पण असे लावलेले नसतात. (शहराचं नाव १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी आहे, पण बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात.) इथली माणसं त्या जिनसाचं काय करतात ते आधी बघायचं, मग तो कुठे ठेवला असेल ते आपोआप कळतं. एकदा हे लक्षात आलं की बाजारात फिरायला फार मजा येते.

मुगाची डाळ घे. सोललेली, पिवळी, आपल्या खिचडीला लागते तशीच डाळ गल्लीतल्या छोट्या बाजारातही मिळते. पण ती असते गोडाच्या सामानात. चिकट तांदूळ, कमळाच्या बिया, आगर-आगरची पाकिटं यांच्या शेजारी. कारण इथे तिचं वरण कुणी करत नाही. ती वाफवून चिकट भातावर घालतात, नाहीतर शिजवून, वाटून गोडाचं सारण करतात. चवळीही तिथेच, कारण चवळीची नारळाचं दूध घालून खीर करतात. टपिओकाचे बारीक मोती असतात, साबुदाण्यासारखेच. खीर उत्तम होते, खिचडीसाठी मात्र आपलाच साबुदाणा हवा. आणि दाण्याचं कूट! भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट पिशवीत भरून तयार मिळतं, कारण इथे शेवयांवर, कोशिंबिरींवर ते मुठीने घालतात. कूट करण्यात आईची अर्धी दुपार जायची ते आठवलं.

नारळाचं तर विचारूच नकोस. बाजारात नारळवालीचा गाळा वेगळाच असतो. तू नारळ निवडायचा, ती तो फोडते, पांढरंशुभ्र खोबरं हवं असेल तर पाठीवरची तपकिरी साल सोलते आणि छोट्या यंत्राच्या फिरत्या दातांवर धरते. बघता बघता ताटलीत चव, म्हणजे खवलेलं खोबरं, जमा. दूध हवं असेल तर तिथेच पिळून पिशवीत बांधून देते. माझ्या नारळवालीला आता माहीत झालंय की मला दूध नको, नुसता चव हवा. गणपतीत मोदक केले ते याच चवाचे. तांदळाचं पीठ इथे तांदूळ भिजवून दळलेलं असतं, त्यामुळे उकड मऊसूत होते. गुळाच्या जागी ताडगूळ वापरला, आन ज्यांग भागातला, ताडाच्या पानात गुंडाळलेल्या गोल वड्यांचा. तिथे डोंगरपायथ्याला ताडाच्या रांगाच्या रांगा आहेत आणि ख्मेर लोक हा गूळ करतात. वास आपल्या गुळाहून वेगळा, किंचित धुरकट, पण सारणात फार छान लागतो.

भाजीबाजार पाहून तुला आपलंच कोकण आठवेल. हवा तशीच दमट, पाऊस तसाच, मग भाज्याही त्याच. लाल माठ, मायाळू, शिराळी, घोसाळी, दुधी, कोहळा सगळं आहे. कुयरी, म्हणजे कोवळा फणस, सोलून ठेवलेली मिळते, म्हणजे चिकाने हात भरायचं काम संपलं. केळफूल बघण्यासारखं असतं. बाई मांडीशी पातेलं घेऊन बसते, पातेल्यात लिंबू पिळलेलं पाणी, आणि केळफूल धारदार पातीवर धरून थेट त्या पाण्यात कीस पाडते. रेशमासारखा पातळ, गुलाबीसर पांढरा, जरासुद्धा काळा पडलेला नाही. आपण फुलं काढतो, एकेका फुलातला दांडा आणि पापुद्रा टाकतो आणि फुलांची भाजी करतो. इथे फुलं टाकून देतात आणि आतल्या कोवळ्या पाकळ्या खातात, बहुतेक कच्च्याच, शेवयांच्या रश्श्यावर. मी त्याच किसाची भाजी करतो, चवळी आणि ओलं खोबरं घालून. आपल्या भाजीइतकी तुरट नाही, पण रविवारच्या जेवणाला झकास.

आणि सध्या हादग्याची फुलं आली आहेत, नंदू! पावसाळा सरता सरता येतात, पांढरी, टोपलीभर. मेकाँगच्या खोऱ्यात बांधाबांधावर हादगा असतो. इथे ती माशाच्या आंबट कालवणात घालतात. आतला कडू केसर आपल्यासारखाच काढून टाकतात. मी कांदा परतून, वर बेसन पेरून भाजी केली. तुझ्या घरामागच्या हादग्याची फुलं वेचायला आपण सकाळी जायचो, ती चव तशीच.

आता सुकी मासळी, कारण हे अण्णांना आवडेल. इथे कोळंबी सोलून सुकवतात, अगदी आपले सोडे. उत्तम माल का माऊ या दक्षिणेच्या टोकाच्या प्रांतातला. आकाराप्रमाणे ढीग वेगळे, भाव वेगळे, आणि मोठ्या सोड्यांचा भाव इथेही डोळे पांढरे करणारा. त्याच का माऊहून सुके बोंबीलही येतात. आपलाच मासा तो. मी वास घेऊनच ओळखला. कांदा आणि कोकमाचं आगळ घालून केला.

बोंबील घेतो ते बिन्ह ताय बाजारात. चोलॉन या जुन्या चिनी वस्तीतला हा घाऊक बाजार. पर्यटक जातात तो बेन थान्ह वेगळा, १९१४ साली सुरू झालेला, शहराच्या मध्यावर. तो बघायला छान आहे, पण भाव पाहुण्यांचे असतात, खरेदीला तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. बिन्ह ताय मात्र तुझ्यासारख्याने बघायलाच हवा. १९२८ च्या सुमारास क्वाक दाम नावाच्या चिनी व्यापाऱ्याने तो बांधून दिला. भंगार गोळा करण्यापासून त्याने सुरुवात केली होती असं सांगतात. मधल्या चौकात त्याचं स्थान आहे, व्यापारी तिथे उदबत्ती लावतात. आत अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत माल, आणि मालकीण मालाच्या मधोमध उंच बसलेली.

सकाळी लवकर जायचं असेल तर एक पथ्य पाळावं लागतं. भवानीचं महत्त्व इथे आपल्यापेक्षा काकणभर जास्तच आहे. पहिलं गिऱ्हाईक जसं वागेल तसा सगळा दिवस जातो असं मानतात. भवानीच्या वेळी घासाघीस करून काही न घेता निघून गेलास तर मागे कागद पेटवून दुकानावरून ओवाळतात, अपशकुन जावा म्हणून. त्यामुळे ज्याला फक्त भाव विचारायचाय त्याने दहा वाजल्यानंतर जावं. मला उलट लवकर जाऊन भवानी करायला आवडतं. ठरवूनच जातो, एकच भाव विचारतो आणि घेतो. मालकीण खूश होते, पुढच्या वेळी आपणहून चांगला माल काढून देते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला वजनात वर काहीतरी टाकायची रीत इथेही आहे, आणि मेकाँगकडे फळं दहाच्या हिशोबात घेतली तर काही ठिकाणी दहाला बारा देतात.

आता दालचिनी. चोलॉनमध्येच हाय थुओंग लान ओंग नावाचा रस्ता आहे, अठराव्या शतकातल्या एका थोर वैद्याच्या टोपणनावाचा. दोन्ही बाजूंना औषधी मुळ्या-सालींची दुकानं. रस्त्याच्या तोंडाशीच वास सुरू होतो आणि मला थेट अण्णांच्या खणांसमोर उभा करतो. ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी, हिरडा, सगळं पोत्यांत उघडं. दालचिनी मसाल्यात नाही, इथे! कारण इथे ती आधी औषध आहे, मसाला नंतर. हातभर लांब, जाड, नळीसारख्या वळलेल्या साली. त्यात मध्य व्हिएतनामच्या डोंगरांतल्या त्रा मीची दालचिनी नावाजलेली. अण्णांना सांग, दापोलीच्या 'कोकण तेज' या दालचिनीच्या जातीची साल पातळ आणि वास सौम्य, ही उलट तिखट-गोड, जिभेवर झणझणते. बाजारात आपण जी जाड साल दालचिनी म्हणून विकतो, त्यातली पुष्कळशी याच देशातून येते. चक्रीफूलही तसंच, उत्तरेला चीनच्या सीमेवरच्या लांग सॉन भागातलं. म्हणजे तुमच्या गोड्या मसाल्याच्या दोन पुड्या इथूनच निघालेल्या असणार.

काजू बिन्ह फुओक भागातले. इथे ते सालीसकट, मिठात भाजून विकतात, खाताना साल चोळून काढायची. भाजलेल्या सालीचा वास गराला लागतो, मला ही पद्धत फार आवडली. काजूगर निर्यात करण्यात व्हिएतनाम जगात पहिला, पण कारखान्यांना लागणारी कच्ची बी मोठ्या प्रमाणात कंबोडिया आणि आफ्रिकेतून येते. आपल्याकडच्या कारखानदारांचंही तेच दुखणं.

पैशांचं थोडं सांगतो. रुपयाला सुमारे ३०० डोंग. बोलताना हजार गाळतात, "पन्नास" म्हणाली की पन्नास हजार समजायचे, म्हणजे आपले १६५-१७० रुपये. वीस हजार आणि पाच लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत, अंधारात देताना शून्यं बघून दे. तसं क्यूआर कोड अगदी फुटपाथवरच्या कोथिंबीरवालीकडेही टांगलेला असतो.

दुकानदारांचे दिवस मात्र इथेही कठीण आहेत. मोबाईलवरून मागवणं वाढलंय, गल्लोगल्ली वातानुकूलित किराणा दुकानं निघाली आहेत. त्यात १ जून २०२५ पासून वर्षाला १ अब्ज डोंगच्या, म्हणजे साधारण ३३ लाख रुपयांच्या, वर उलाढाल असलेल्या किरकोळ दुकानदारांना कर खात्याशी जोडलेली इलेक्ट्रॉनिक बिलं देणं सक्तीचं झालं. त्या महिन्यात बाजारांतले कितीतरी गाळे बंद दिसत होते. आयुष्यभर वहीत हिशोब ठेवलेल्या साठीच्या बायका त्या, एका दिवसात यंत्र कशा शिकणार? माझी सोडेवाली शेवटी नातीला शेजारी बसवून शिकली. जीएसटी आला तेव्हा तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचास, त्याची आठवण झाली. हे बाजार टिकावेत असं मला फार वाटतं. केळफुलाचा असा कीस पाकिटात मिळणार नाही, आणि मला नुसता चव हवा हे कुठल्या यंत्राला कळणार?

वहिनींसाठी कापड पाहून ठेवलंय. चोलॉनमध्येच सोआय किन्ह लामला कापडाचा बाजार आहे, मीटरवर मिळतं. रंग त्यांनीच येऊन निवडावा.

तूर डाळ, कढीपत्ता, मोहरी हे साध्या बाजारात मिळत नाही, त्यासाठी भारतीय दुकानं आहेत. पण कोकम आणि कुळथाचं पीठ तिथेही क्वचितच. तेव्हा येताना या दोन वस्तू आण, आणि गोडा मसाला काकूंच्या हातचा. आगळाची बाटली संपत आलीय.

यायचं कधी तेही ठरव. २०२६ मध्ये टेट, म्हणजे इथलं नवीन वर्ष, १७ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात बाजार बंद असतो, गावोगावची माणसं घरी गेलेली असतात. जानेवारीच्या शेवटी आलास तर सणाची तयारी ऐन भरात असेल: मुरवलेली फळं, टरबुजाच्या बिया, सोड्यांचे ढीग, पिवळ्या फुलांची झाडं. मुंबईहून थेट विमान आहे. अण्णांचा गुडघा बरा असेल तर त्यांनाही घेऊन ये. चोलॉनमध्ये फार चालावं लागणार नाही, औषधांचा रस्ता आणि बिन्ह ताय रिक्षाभर अंतरावर आहेत.

तोपर्यंत अण्णांना दालचिनी किती हवी ते कळव, भाव विचारून ठेवतो. त्यांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
दिनू