आप्पा, तुम्ही आधी पाय बघितलेत

आप्पा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाइलवर येईल. तो वाचून दाखवेल तेव्हा 'काही बी लिखस ही' म्हणून उठून जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका. गावातल्या चार माणसांनीही वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

आधी ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांचं उरकते. मान आखडते, खांदे उतरत नाहीत, संध्याकाळपर्यंत मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो काढला, गोळ्या लिहिल्या, मानेला पट्टा दिला आणि वजन कमी करा म्हणाले. दिवसभर तुम्ही कशावर बसता, हा प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. मग खुर्चीवाले. 'मॅडम, अर्गोनॉमिक आहे, सगळे ऑफिसवाले हीच नेतात.' डोकं टेकायला उशी, हातांखाली गादी, पाच चाकं, किंमत विचारू नका. सगळ्यात खाली आणली तरी माझ्या टाचा फरशीला लागेनात. परत फोन केला तर म्हणे, सवय होईल. कशाची सवय? पाय लांब व्हायची?

मी काही फार ठेंगणी नाही. आपल्याकडच्या बायका असतात तेवढीच आहे. भारतीय माणसांच्या शरीराची मापं घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ सालीच पुस्तक काढलंय, म्हणजे मापं नव्हती असं कुणी म्हणू नये. पण दुकानात येणारी खुर्ची आणि तीस इंच उंचीचं टेबल दोन्ही कुणा उंच गृहस्थाचा विचार करून केलेली. त्यात माझं टेबल तर डबडा मॉनिटरच्या काळातलं: वर मॉनिटरचा कप्पा, खाली सरकता ट्रे, आणि ट्रेखाली मांड्या अडकतात. खुर्ची खाली घ्यावी तर टेबल छातीशी येतं आणि खांदे कानाला लागतात. वर घ्यावी तर पाय अधांतरी, मग गादीची कड मांडीखाली रुतते आणि मुंग्या सुरू. पाय टेकावेत म्हणून पुढे सरकून कडेवर बसायचं, की पाठीमागची ती महागडी पाठ नुसती शोभेला. वीस तारखेच्या आधी जीएसटीची रिटर्नं आणि जुलैअखेर इन्कम टॅक्सची, त्या दिवसांत मी कशी बसत होते ते माझं मला माहीत.

तुम्ही आला होतात कपाटाची बिजागरी बसवायला. तेवढंच काम होतं, तेवढ्याचेच पैसे ठरले होते. काम झालं, हत्यारं पिशवीत गेली, मी चहा ठेवायला उठले तर तुम्ही म्हणालात, ''माय, तू तुनं काम कर. मी बठस आठे.'' आणि फरशीवर मांडी घालून बसलात. मला वाटलं दम खाताय. मी दादर ज्वारीच्या व्यापाऱ्याची बिलं टाकत राहिले. थोड्या वेळानं मान वळवून बघते तर तुमचं लक्ष ना खुर्चीकडे ना टेबलाकडे, टेबलाखाली माझ्या पायांकडे.

''तुना पाय ते खाले टेकतसच नही.''

आप्पा, इतके पैसे घेतलेल्या माणसांना जे दिसलं नाही ते तुम्ही फुकटात सांगितलंत, तेही न विचारता.

पण आभार मानायचेत ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. कोपऱ्यात माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या खतावण्या पडल्या होत्या. तुम्ही त्यातल्या दोन उचलून माझ्या पायांखाली सरकवल्यात. मी पाय वर घेतले. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलेल्या वह्या त्या, त्यांच्यावर पाय कसा ठेवणार? हे मी बोलले नाही, बोलायची लाजच वाटली. तुम्हीही विचारलं नाहीत. वह्यांना हात लावून तो कपाळाला लावलात, खांद्यावरचा टॉवेल काढून दोन पदरी घडी केलीत आणि वह्यांवर अंथरलीत. टॉवेलला भुसा चिकटला होता, तो आधी बाजूला नेऊन झटकलात. मग म्हणालात, ''ठेव आते. लक्ष्मीले समजस.''

मी ठेवले. तुम्ही आणखी एक वही घातलीत. ''आते?'' अजून एक. ''आते?'' मग ट्रे काढून टाकून कळफलक टेबलावर घेतलात आणि मला खुर्ची वर करायला लावलीत. मी आजवर ती खाली करायच्याच मागे होते! कोपर टेबलाच्या उंचीला आलं, हात सरळ कळफलकावर पडले, आणि खांदे आपोआप खाली आले. कुणी 'खांदे सैल सोडा' म्हटलं नव्हतं. त्या दुपारी मला रडू आलं ते दुखण्यानं नव्हतं, हे तुम्हाला कळलं असणारच, कारण तुम्ही लगेच बिजागरीला तेल घालायला उठलात. बिजागरी नवीकोरी होती.

पुढचं सगळं तुम्ही सहज केल्यासारखं केलंत. मॉनिटर कप्प्यातून उतरवून टेबलावर ठेवलात, हातभर अंतरावर. माझा चष्मा दुहेरी काचेचा, खालच्या काचेतून वाचायला मी हनुवटी वर करून बसायची, हे तुम्ही चष्मा न लावणाऱ्या माणसानं कसं ओळखलंत कोण जाणे. स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत हवा असं सगळीकडे सांगतात, पण दुहेरी काचवाल्यांना तो त्याहून खाली लागतो. खिडकी पाठीशी होती, उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी नऊलाच डोळे दिपवणारं ऊन येतं, म्हणून टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतलीत. कूलरचा झोत मानेवर येत होता, तोही वळवलात.

आठवड्यानं तुम्ही बोलावल्याशिवाय आलात ते पायपाट घेऊन. बाभळीचा, पुढे उतरता, वर तीन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, कडा पॉलिशपेपरनं घासून गोल केलेल्या, अनवाणी पायाला कुठे टोचू नये म्हणून. पैसे विचारले तर, ''लाकूड उरेल व्हतं.'' खतावण्या माळ्यावर परत ठेवल्यात आणि तुमचा टॉवेल तेवढा घेऊन गेलात. मला तो धुऊन द्यायचा होता.

गंमत बघा, ज्या अमळनेरात १९४५ साली विप्रोची सुरुवात झाली, तेही वनस्पती तुपाच्या कारखान्यानं, त्याच अमळनेरात संगणकासमोर नीट कसं बसायचं हे मला संगणकाला कधी बोट न लावलेल्या माणसानं शिकवलं. याचं मला आता नवल वाटत नाही. तुम्ही संगणकाकडे बघितलंच नाहीत, माणसाकडे बघितलंत. आपल्या भागात अशी माणसं आहेत अजून. पारोळ्याच्या गाडीचा एक कंडक्टर आहे, पाटी घेऊन येणारी म्हातारी दिसली की घंटी वाजवायच्या आधी स्वतः खाली उतरतो. त्याच्या कामात ते लिहिलेलं नाही. तुमच्याही नव्हतं.

मुंग्या गेल्या. मान अजून कधीकधी बोलते, मग तुमचं ऐकून उठते, अंगणापर्यंत जाऊन येते. मानेचा पट्टा कपाटात आहे, तुम्ही बिजागरी बसवलेल्याच.

आता माझ्या कामाचं. पैसे तुम्ही घेणार नाही, ते सोडा. कारागिरांसाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे, तिच्यात अठरा व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. नोंदणी पडताळून मंजूर झाली की थोडं प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मिळतात, पुढे कमी व्याजाचं कर्जही. नातू म्हणाला तुमचा रंधा बदलायला झालाय. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतात तिथे, अंगठा देऊन होते, बाकीचे कागद मी बघते. आधार, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन या. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं यांतल्या एकालाच मिळतं, तेव्हा त्यांच्यापैकी आधी कुणी अर्ज केला नाही ना, एवढं विचारून ठेवा. वीस तारखेनंतर कधीही या, त्याआधी मला मान वर करायला वेळ नसतो.

तुमची,
हिशेबवाली ताई
अमळनेर