पॉल ड्रेक नसलेल्या आरोपीसाठी: विधी व न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवणारा वकील आहे. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांची कामं विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून माझ्याकडे येतात. आज आपल्याला लिहितोय ते एका जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा धागा धरून. माझ्या ओळखीचे कितीतरी वकील या पेशात आले ते पेरी मेसन या कादंबऱ्यांतल्या बचाव पक्षाच्या वकिलाच्या नादाने. आधी वाचनालयातली जीर्ण पेपरबॅक हाती लागली, मालिका पुढे कधीतरी बघायला मिळाली.

‘पेरी मेसन’ सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९५७ मध्ये सुरू झाली आणि मे १९६६ पर्यंत चालली. एकूण २७१ भाग, त्यातला एक सोडून सगळे कृष्णधवल. गोष्टीचा साचा ठरलेला. लॉस एंजेलिसमध्ये खून होतो, लेफ्टनंट ट्रॅग भलत्याच माणसाला बेड्या घालतो, सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर त्याच्याविरुद्ध उभा राहतो आणि मेसन उलटतपासात साक्षीदाराला असा खिंडीत गाठतो की खरा गुन्हेगार भर कोर्टात कबुली देतो. मेसनचं काम करणारा रेमंड बर चाचणीला आला होता तो बर्गरच्या भूमिकेसाठी, हेही प्रसिद्ध आहे.

भर कोर्टात दिलेली अशी कबुली मी आजवर पाहिलेली नाही, माझ्या सीनियरनीही पाहिली नव्हती. साक्षीदार फितूर होतो, गडबडतो, ‘आठवत नाही’ म्हणतो, पण खुनाची कबुली देत नाही. तरीही या मालिकेत एक गोष्ट अगदी खरी आहे आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. ती म्हणजे पॉल ड्रेक. मेसनचा खासगी गुप्तहेर. मेसन एक फोन करतो आणि ड्रेकची माणसं साक्षीदाराचा पूर्वेतिहास, हॉटेलचं रजिस्टर, गाडीचा नंबर शोधून आणतात. कोर्टातला तो सफाईदार उलटतपास निम्मा तरी ड्रेकच्या पायपिटीवर उभा असतो. पोलिसांनी जे पाहिलं नाही, किंवा पाहूनही बाजूला ठेवलं, ते बचाव पक्षाच्या हाती येतं, म्हणून आरोपी सुटतो.

मेसनच्या कादंबऱ्यांचे लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांना हे अनुभवाने माहीत होतं. ते स्वतः कॅलिफोर्नियात वकिली करत आणि गरीब चिनी, मेक्सिकन अशिलांची कामं घेत. १९४८ मध्ये त्यांनी ‘आर्गोसी’ मासिकाच्या साथीने ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ नावाचा गट उभा केला. शिक्षा होऊन तुरुंगात पडलेल्या, पण निर्दोष असण्याची शक्यता असलेल्या माणसांच्या केसेस हा गट नव्याने तपासायचा. त्यात तपास अधिकारी होते, न्यायवैद्यक जाणणारे होते. वॉशिंग्टन राज्यातला एक लाकूडतोड्या त्यामुळे जन्मठेपेतून बाहेर आला. कल्पनेतला वकील लिहून नाव आणि पैसा मिळवलेल्या लेखकाने तो पैसा आणि वेळ खऱ्या कैद्यांसाठी खर्च केला, याचं मला फार मोल वाटतं.

माझ्या अशिलाकडे पॉल ड्रेक नसतो. त्याच्याकडे जामीनदार आणायलासुद्धा माणूस नसतो. मला मिळते ती दोषारोपपत्राची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स काढलेली. पंचनाम्यातल्या सह्या पुसट आणि जबाबांच्या पानांच्या कडा कापलेल्या. एका चोरीच्या केसमध्ये घटनास्थळ पंचनाम्यात एक ओळ होती: समोरच्या दुकानातला डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) ताब्यात घेतला. बस्स. दोषारोपपत्राला जोडलेल्या कागदांच्या यादीत तो डीव्हीआर नव्हता, फुटेजही नव्हतं. अभियोग पक्ष त्यावर विसंबत नाही, म्हणून जोडलं नाही, असं उत्तर मिळालं. मग अर्ज, त्यावर म्हणणं, पुढची तारीख. ते फुटेज न्यायाधीशांसमोर चाललं तेव्हा त्यात दिसणारा माणूस माझ्या अशिलापेक्षा हातभर उंच होता. हमाली करणारा तो तरुण तोवर कच्चा कैदी म्हणून, म्हणजे निकाल लागण्याआधीच, आत होता आणि त्याच्या बायकोने भाड्याची खोली सोडून माहेर गाठलं होतं. पंचनाम्यातली ती ओळ माझ्या नजरेतून सुटली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. म्हणजे चारांतले तीन. त्यांतल्या बहुतेकांना पोलिसांच्या कागदांपलीकडे काही शोधून आणणारं कुणी नाही. म्हणून पोलिसांकडचे सगळे कागद तरी त्यांच्या वकिलाला दिसले पाहिजेत.

अमेरिकेत या गोष्टी ठरल्या त्या मालिका चालू असतानाच. मार्च १९६३ मध्ये गिडियन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायलाच हवा. गिडियनने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला होता. मे महिन्यात ब्रॅडी खटल्याचा निकाल लागला: आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाने दडवला तर ती सुनावणी न्याय्य नव्हे. आणि ऑक्टोबरमध्ये मेसन हरला. त्या भागाची सुरुवातच त्याच्या अशील बाईला मृत्युदंड होतो तिथून होते. निकालानंतरही तो थांबत नाही, शोधत राहतो आणि तिला वाचवतो. टीव्हीवर ते तासाभरात होतं.

आपल्या राज्यात त्याला सोळा वर्षं लागली. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयानक हल्ला झाला. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरवली. पुढे पुनर्विलोकनात तोच निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. का? हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या फोटो-अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि अभियोग पक्षाने ही गोष्ट दडवली. सहा जणांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशी कायम झाल्यानंतर सिद्ध झालं. तो अल्बमचा कागद पहिल्याच दिवशी बचावाच्या वकिलाच्या हातात असता, तर ही सोळा वर्षं गेलीच नसती. आणि त्या कुटुंबाचे खरे मारेकरी? त्यांचं काय झालं, हा प्रश्न त्या जखमी स्त्रीने कुणाला विचारायचा?

सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. मी हिशेब केला: दिवसाला साधारण ८५ रुपये. तेही न्यायालयाने विशेष बाब म्हणून दिले. विनाकारण अटक झालेल्याला भरपाई देण्याचं जे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही जसंच्या तसं आलं आहे आणि तिथली मर्यादा एक हजार रुपयेच आहे. चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना शासनाकडून भरपाई मिळावी यासाठी कायदा करा, असं विधी आयोगाने २७७ व्या अहवालात ऑगस्ट २०१८ मध्येच सांगितलं आहे.

मंत्री महोदय, बर्गरबद्दल थोडं लिहायला हवं, कारण त्याच्यासारख्या शेकडो सरकारी वकिलांच्या नेमणुका आपल्या विभागाकडून होतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर ब्राँक्समध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या त्या ही मालिका बघत. त्यांच्या मनात राहिला तो बर्गर. खटला हरल्याचं वाईट वाटत नाही का, असं त्याला विचारलं जातं, तेव्हा तो सांगतो की आपलं काम न्याय होण्याचं आहे, निर्दोष माणूस सुटला तर ते काम पारच पडलं. पुढे त्या स्वतः मॅनहॅटनमध्ये सरकारी वकील झाल्या. आमच्याकडेही असे सरकारी वकील आहेत, मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आहे आणि त्यांचा मला आदर आहे. पण आज हे ज्याच्या-त्याच्या स्वभावावर सोडलेलं आहे.

ते तसं राहू नये म्हणून तीन मागण्या करतो. तपासात गोळा केलेलं, पण दोषारोपपत्रात न वापरलेलं सगळं साहित्य आणि सगळे जबाब यांची यादी आरोपीला मिळावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या मसुदा नियमांत म्हटलं आणि २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात पुन्हा बजावलं. गृह विभागाशी बोलून राज्यातल्या प्रत्येक सरकारी वकिलाला आणि तपास अधिकाऱ्याला याचं लेखी परिपत्रक द्यावं आणि यादी न दिल्यास जबाबदार कोण, हे त्यात नमूद असावं. दुसरं, नाशिकच्या निकालात दोषी अधिकारी शोधून त्यांच्यावर विभागीय कारवाई करण्याचा आदेश होता. त्यावर शासनाने काय केलं, त्याचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. तिसरं, केंद्राची वाट न बघता महाराष्ट्राने भरपाईचा स्वतःचा कायदा करावा. त्यात तुरुंगातल्या वर्षांसोबत गेलेला रोजगार, मोडलेलं घर आणि मुलांचं सुटलेलं शिक्षण धरावं.

येत्या अधिवेशनाआधी आपण वेळ दिलीत, तर पॅनेलवरचे आम्ही काही वकील मसुदा घेऊन मंत्रालयात येऊ. मसुदा तयार आहे.

आपला,
विधी सेवा पॅनेलवरचा एक वकील